भरिताची फेरपरीक्षा

आमच्या कॉलेजात माझं कुणाशी पटत नाही हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच बहुधा 'संघभावना आणि सांघिक कार्यकौशल्ये' हा विषय माझ्या गळ्यात पडला. नव्या अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तो सक्तीचा झाला होता. विभागाच्या बैठकीत विषयाचं नाव वाचून झाल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी घातलं नाही, कारण माझा मोबाइल चार्जिंगला होता. प्राचार्य म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच घ्या." विभागात संघभावना दिसली ती तेवढीच.

मी मूळची धुळ्याची. लग्न होऊन जळगावला आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, तरी माझं काही बिनसलं की लोक 'धुळ्याची ना ती' म्हणून मोकळे होतात. मी चिडकी आहे हे खरं. पण त्यात धुळ्याचा काही दोष नाही. माझ्या दोन्ही बहिणी धुळ्यातच आहेत आणि गरीब गाईसारख्या आहेत.

विभागात ज्यांच्याशी माझं सगळ्यात कमी पटायचं ते म्हणजे वर्कशॉपचे सर. ते भुसावळच्या पलीकडच्या एका गावचे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, आणि कमी बोलून माणसाचं डोकं उठवण्यात तरबेज. आमचं भांडण झालं ते कूलरवरून. जळगावचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला हे कारण क्षुल्लक वाटणार नाही. स्टाफरूममध्ये एकच कूलर होता. त्याचं तोंड ते स्वतःच्या टेबलाकडे करत, मी माझ्याकडे करत असे. आठवडाभर हे चाललं. शेवटी एक दिवस भर स्टाफरूममध्ये मी म्हणाले, "पाणी भरायला नको, फक्त वारा खायला हवा!" सर काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून आम्ही दोघंही काही बोललो नाही. पुढच्या उन्हाळ्यात विभागानं दुसरा कूलर घेतला आणि दोन्ही कूलर एकमेकांकडे पाठ करून ठेवले. अशी सहा वर्षं गेली. काही सांगायचंच झालं तर आम्ही ते विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचो, समोरासमोर बसून.

अशा बाईनं मुलांना संघभावना शिकवायची होती.

अभ्यासक्रमासोबत एक हस्तपुस्तिका आली होती. त्यात पहिल्याच तासाला कच्च्या शेवयांच्या लांब काड्या आणि एक मऊ गोळी वापरून पाच जणांनी मनोरा उभारायचा, असं होतं. तसल्या शेवया आमच्या किराणावाल्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या. मी खराट्याच्या काड्या आणि कणीक नेली. प्रत्येक गटात तेच झालं. एकानं मनोरा बांधला, दोघांनी त्याला वेगवेगळे सल्ले दिले, एकानं फोटो काढले आणि एक जण चहा सांगायला गेला. मी एका गटाला विचारलं, "हे कुणी केलं?" सगळे एका सुरात म्हणाले, "बठ्ठास्नी मिळीसन करं, मॅडम." मी धुळ्याची आहे हे कळल्यापासून धरणगाव-अमळनेरकडची पोरं माझ्याशी मुद्दाम अहिराणीत बोलायची. त्यांना वाटायचं मी त्यानं विरघळेन. मी विरघळत असे, पण तोंडावर दिसू देत नसे.

हे 'बठ्ठास्नी मिळीसन', म्हणजे 'सगळ्यांनी मिळून', आमच्याकडचं फार जुनं प्रकरण आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर पाच नावं असतात आणि काम एकाचं असतं, हे भिंतींनाही माहीत असतं. पण तुम्ही मुलांना उलटं टांगून विचारलंत तरी ती एकमेकांचं नाव सांगणार नाहीत. मला या गोष्टीचा संताप यायचा. म्हणून मी स्वतःच्या डोक्यानं एक नियम काढला. प्रत्येकानं गटातल्या इतर चौघांना दहापैकी गुण द्यायचे, गुप्तपणे, बंद पाकिटात. त्याची सरासरी धरायची. आणि या भागात किमान चार गुण स्वतंत्रपणे मिळालेच पाहिजेत, नाहीतर विषयात नापास. हा शेवटचा वाक्यखंड मी रागाच्या भरात टाइप केला होता. विद्यापरिषदेत कुणी वाचला नसावा, मंजूर झाला.

पाकिटं फोडली तर बारा गटांपैकी अकरा गटांत सगळ्यांनी सगळ्यांना दहा दिले होते. मी कपाळाला हात लावला. बाराव्या गटाचं पाकीट मात्र वेगळं निघालं. त्यात चार मुलं आणि एक मुलगी. चौघांनी एकमेकांना दहा आणि तिला शून्य दिलं होतं. तिनं चौघांनाही शून्य दिलं होतं. चौघांची सरासरी साडेसात आली. तिची शून्य.

आणि ती मुलगी म्हणजे आमच्या विभागाची पहिली. चोपड्याकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची पोर, सहा सत्रांत एकदाही नऊच्या खाली न आलेली. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र तिच्या हातात होतं. जुलैत रुजू व्हायचं, अट एकच, सगळे विषय सुटलेले हवेत. हा विषय पुन्हा यायचा तो पुढच्या डिसेंबरात. म्हणजे पोरगी गणितात, यंत्रशास्त्रात, उष्णतेच्या शास्त्रात पहिली आणि मनोऱ्याच्या कणकेत नापास, आणि त्यापायी नोकरी घालवून बसणार.

ती माझ्या केबिनमध्ये आली ती रडत नव्हती. मला रडणारी मुलं हाताळता येतात, चिडलेली येत नाहीत, कारण मीही चिडते.

"मॅडम, प्रोजेक्ट सगळं मी केलं. ड्रॉइंग माझं, गणितं माझी, रिपोर्ट माझा. मग नापास मीच कशी?"

"त्यांनी शून्य दिलं."

"त्यांना काय कळतं?"

"बघ, हेच. एकटीनं सगळं केलंस म्हणूनच नापास. विषय काय आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही कुणाबरोबर काम करता, मॅडम?"

उद्धटपणा होता. मी तिला बाहेर काढलं. दार लावून घेतलं आणि दहा मिनिटं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. 

दुसऱ्या दिवशी मी त्या चौघांना बोलावलं. त्यातला एक धरणगावचा, घरी कपाशी. एक भुसावळच्या बाजूचा, वांग्यांच्या पट्ट्यातला. एक जळगावातलाच, वडील लाकडी फर्निचरचे कारागीर. आणि एक दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतला, जो घामाला फार घाबरायचा. यांचं प्रोजेक्ट होतं केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र. मी विचारलं, शून्य का? सगळ्यांनी आधी धरणगावच्याकडे बघितलं. मग धरणगावचा म्हणाला, "मॅडम, आम्ही फ्रेम तीनदा बनाडी. तिनी तीनदा खोली. मंग आम्ही चहा पेवाले गऊत."

"आणि परत आला नाहीत?"

"बलावं नही ना कोणी."

नियमात फेरपरीक्षेची सोय होती, तीही मीच टाइप केलेली. त्याच गटानं नवं काम करायचं, पुन्हा गुण द्यायचे, गुणपत्रकावर दोन परीक्षकांच्या सह्या. महिना जानेवारीचा होता. खान्देशात जानेवारीत एकत्र करायचं काम एकच असतं, शेतात जाऊन वांग्याचं भरीत. ज्या पोरांना पाच जणांत एक स्क्रू लावता येत नाही तीच पोरं शंभर माणसांचं भरीत कुणी न सांगता पार पाडतात, हे मी इतकी वर्षं बघत आले होते. मला वाटलं, मला गुपित सापडलं. मी जाहीर केलं की या गटानं रविवारी एक वाजता आख्ख्या वर्गाला, म्हणजे साठ जणांना, भरीत-पुरी खाऊ घालायची. हीच परीक्षा.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी मास्तरीण. कुणी न सांगता जे होतं त्याला गुण कसे देणार? म्हणून मी कागद केला. कागदावर पाच रकाने, पाच कामं, पाच वेळा. धरणगावच्याकडे जाळ, अकरा वाजता पेटवणे. भुसावळकडच्याकडे वांगी, पंचवीस किलो, देठासकट, एकही डाग नको. कारागिराच्या मुलाकडे ठेचणं, त्यासाठी बडगी, म्हणजे भाजलेली वांगी ज्यात मुसळीनं ठेचतात ती लाकडाची लांबट खोलगट परात, घरून आणायची. दीपनगरच्याकडे पुऱ्या. आणि मुलीकडे समन्वय. तिला मी बजावून सांगितलं, "तू कशालाही हात लावायचा नाहीस. एकटीनं सगळं करायची सवय मोडायची आहे." प्रत्येक रकान्यापुढे वेळेवर, स्वच्छ, नेमकं अशा खुणा करायच्या जागा होत्या. कागद फार सुंदर झाला होता. मी तो लॅमिनेट करून घेतला.

पास झालेल्या चार पोरांना रविवारी बोलवायचं काम तिचं होतं. तिनं ग्रुपवर एक ओळ टाकली, 'रविवारी सकाळी नऊ. उशीर चालणार नाही.' कृपया नाही, काही नाही. तरी चौघं आले. भरिताला बोलावलं तर आमच्याकडचा माणूस सलाइन काढून येतो.

शेताची सोय पोरांनी केली होती, भुसावळ रस्त्याला. मी रिक्षातून उतरले, बांधावरून आत गेले आणि बघते तर लिंबाच्या झाडाखाली खाटेवर वर्कशॉपचे सर पेपर वाचत बसलेले. शेत त्यांचं होतं. पोरांना विचारलं तर म्हणाली, "मॅडम, सर लगेच हो म्हणाले." मी म्हटलं ठीक आहे, आता परीक्षा शेतात घ्यायची म्हटल्यावर शेताला मालक असणारच. सरांनी पेपरचं पान उलटलं. मी उन्हात खुर्ची टाकून बसले, त्यांच्याकडे पाठ करून. घरच्यासारखं वाटलं.

आता जे झालं ते नीट सांगते, कारण त्यात माझ्या अकलेचं दर्शन आहे.

भरिताचा जाळ कपाशीच्या पऱ्हाट्यांचा. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. त्यांचा जाळ भडकतो असा की जवळ उभं राहवत नाही, पण पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. त्यामुळे वांगी आधी लागतात. टोचे मारून, तेलाचा हात फिरवून ती पसरायची, वर पऱ्हाट्या रचायच्या, मग काडी लावायची. खान्देशातल्या पाच वर्षांच्या पोराला हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण कागदावर अकरा लिहिलं होतं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना वांग्यांचा पत्ता नव्हता. भुसावळकडचा दोन शेतं धुंडाळून तिसऱ्यात गेला होता, कारण कागदावर 'एकही डाग नको' होतं आणि वांग्याला देवानं डाग दिलेला असतोच. धरणगावच्यानं पऱ्हाट्यांचा ढीग छान रचला. काडीपेटी हातात घेतली.

मुलगी म्हणाली, "थांब."

"कागदवर अकरा शे," तो म्हणाला.

तिनं माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात पाठीमागे धरलेले, मी सांगितल्याप्रमाणे. आणि मी काय केलं? मी घड्याळ बघितलं. अकरा झाले होते. त्यानं पेटवलं. जाळ उठला, सरांनी पेपर जरा खाली केला, आणि मी 'वेळेवर' या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

साडेअकराला राख झाली. अकरा चाळीसला वांगी आली, हिरवीगार, लांबट, एकही डाग नसलेली. मी खूण केली. कारागिराच्या मुलानं बडगी धुऊन पुसून, लसूण-मिरची सोलून-निवडून तयार ठेवली होती. खूण. दीपनगरच्यानं फोन करून सांगितलं की पुऱ्या गावातल्या बचत गटाच्या बायका लाटतायत, पावणेएकला गरम पोचतील, आणि तो स्वतः तिथे पंख्याखाली बसून लक्ष ठेवून आहे. खूण. कागद भरला. माझ्या हिशेबानं सगळ्यांना पैकीच्या पैकी होते, आणि पंचवीस किलो कच्ची वांगी राखेपाशी पडून होती, आणि तासाभरात साठ पोरं जेवायला येणार होती.

"दुसरा ढीग?" मी विचारलं. झोपडीमागे पऱ्हाट्यांचा आणखी एक मोठा ढीग दिसत होता.

"सर म्हणाले, एकच घ्या," धरणगावचा म्हणाला. "तो पुढच्या रविवारी त्यांच्या घरच्या भरिताचा आहे. हात लावायचा नाही म्हणाले."

"मग विचारा त्यांना."

"मॅडम, तुम्हीच विचारा ना," मुलगी म्हणाली. "तुमच्या विभागातलेच आहेत."

"समन्वय तुझ्याकडे आहे."

ती खाटेकडे पाठ करून उभी राहिली. मीही. पाठीमागे पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. त्या क्षणी आम्ही दोघी इतक्या सारख्या उभ्या होतो की मला स्वतःचीच लाज वाटली. फरक एवढाच होता की माझी नोकरी कायम होती आणि तिची जाणार होती.

आधी हलली ती. पण सरांकडे गेली नाही, पोरांकडे गेली. पाठीमागचे हात पुढे आले. म्हणाली, "मला पऱ्हाटीवर भाजता येत नाही. आमच्याकडे सगळी केळीच. घरी मी गॅसवर एक वांगं भाजते, तेही करपतं. काय करायचं ते तुम्ही सांगा, मी करते."

चौथा पुऱ्यांपाशी होता, तिघं तिच्याकडे बघत राहिले. मग धरणगावचा म्हणाला, "आते बोलनी!" आणि हसायला लागला. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या कागदाची पार वाट लागली. कारागिराचा मुलगा टोचे मारायला बसला, मुलगी तेल लावायला. भुसावळकडच्यानं तिच्या हातातून एक वांगं घेऊन दाखवलं, "एवढं नको चोपडू, सालच सुटायची नाही." तिनं ऐकलं. मी तीन वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाचं काही ऐकताना बघितलं. धरणगावचा राख सारून जागा करत होता. पंचवीस किलो वांगी ओळीनं मांडली गेली. मग चौघांनी एकदम माझ्याकडे बघितलं, कारण आता फक्त पऱ्हाट्या हव्या होत्या.

मी उठले. खाटेपर्यंतचं अंतर पन्नास पावलांचं असेल. मला जायचं नव्हतं. वाटलं, घरी निघून जावं, पोरं काय ते बघतील. पण ती तेलाच्या हातांनी तशीच उभी होती आणि केसांची बट मनगटानं मागे सारत होती. मी गेले.

"पऱ्हाट्या हव्या आहेत," मी म्हणाले. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

सरांनी पेपर खाली केला नाही. "एक ढीग दिला होता ना?"

"जळला."

"वांग्यांशिवाय?"

"हो."

"कुणी सांगितलं पेटवायला?"

"कागदावर होतं."

"कागद कुणाचा?"

मी सांगितलं असतं की विद्यापीठाचा. जिभेवर आलंही होतं. "माझा," मी म्हणाले.

सरांनी पेपराची व्यवस्थित चौकोनी घडी घातली. "धुळ्यात वांगी नंतर टाकतात का, मॅडम?"

दुसरी वेळ असती तर मी खाटेसकट उलथून टाकलं असतं. पण वेळ बारा पाच झाली होती. मी म्हणाले, "द्यायच्या असतील तर द्या." ते उठले, चपला घातल्या, ढिगातल्या निम्म्या पऱ्हाट्या स्वतःच कवेत घेतल्या आणि निम्म्यांकडे मान करून मला म्हणाले, "उचला." मी उचलल्या. साडीला काटक्या अडकल्या, हात खरचटले. पोरं धावत आली तर सर म्हणाले, "राहू द्या, त्या आणतात."

भरीत दोन वाजता झालं, एक तास उशिरा. पुऱ्या गार झाल्या होत्या. दीपनगरचा पुऱ्यांसोबत परत आला तो ठेचायला बसला आणि घामानं चिंब झाला. काही वांगी एका बाजूनं कच्ची राहिली, ती मुलीनं बाजूला काढायला घेतली तर भुसावळकडचा म्हणाला, "राहू दे व माय, ठेचल्यावर कोणाले कळतं?" तिनं एक क्षण थांबून ते वांगं बडगीत टाकलं. तिच्या जिवावर आलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. साठ पोरांनी बडगी चाटूनपुसून साफ केली. माझ्या लॅमिनेट केलेल्या कागदावर कुणीतरी वांग्यांची सालं काढून ठेवली होती. कागद पाण्यानं खराब होत नाही एवढा फायदा झाला.

मग चिठ्ठ्या. पाचही जण लिंबाखाली पांगून बसले आणि हातानं आडोसा करून लिहू लागले. मी चिठ्ठ्या उघडल्या. तिला मिळाले होते सहा, पाच, सात आणि चार. सरासरी साडेपाच. बारा गटांच्या आख्ख्या इतिहासात पहिल्यांदा कुणीतरी दहा आणि शून्य सोडून तिसरा आकडा लिहिला होता. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला विसरले.

"साडेपाच?" ती म्हणाली. तिला जन्मात साडेपाच मिळाले नव्हते. "चार कुणी दिले?"

"मी," धरणगावचा म्हणाला. "तीन फ्रेमींचे तीन कापले, बाकीचे तोंडाचे."

तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "बरं."

आता दुसरी सही. विभागातला दुसरा परीक्षक हवा, आणि विभागातलं माणूस तिथे एकच होतं. सरांनी गुणपत्रक हातात घेतलं, खिशातून पेन काढलं आणि सही न करता मुलीला विचारलं, "एकच प्रश्न. या चौघांनी आज काय काय केलं, सांग."

मला धडकी भरली. याच प्रश्नावर ती महिन्यापूर्वी 'काहीच नाही' म्हणाली असती. तिनं चौघांकडे एकेक करून बघितलं. मग सांगायला लागली. वांगी आणणाऱ्यानं तीन शेतं पालथी घातली आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. जाळ करणारा वांगी फिरवताना वारा धूर नेत होता त्या बाजूला उभा राहिला, म्हणजे धूर त्याला लागावा, तिला नाही. ठेचणाऱ्याच्या वडिलांनी बडगी दोन रात्री बसून तासलीय, नवी आहे. पुऱ्यांवाल्यानं बायकांना उशीर होतोय म्हणून सांगितलं तर त्या चिडल्या, तर त्यानं बसून त्यांच्यासोबत लाटल्या, वाकड्यातिकड्या आहेत त्या त्याच्या. यातलं निम्मं मलाही माहीत नव्हतं, आणि मी दिवसभर तिथे पेन घेऊन बसले होते.

सरांनी सही केली. पोरगी पास झाली. जुलैत ती पुण्याला गेली, अजून तिथेच आहे, आणि तिथल्या लोकांची तक्रार मला अजून तरी आलेली नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी सरांनी गुणपत्रक माझ्याकडे दिलं आणि पोरांसमोर म्हणाले, "आता मॅडम, तुम्हाला तोच प्रश्न. सहा वर्षांत मी विभागात काय केलं?"

मी आठवू लागले. वर्कशॉप चालवलं, हे काय उत्तर झालं? पोरं बघत होती. मला एक गोष्ट सांगता येईना. त्यांनी पेपर किती वाजता उघडला, चहात साखर किती घातली, कूलरचं तोंड किती वेळा फिरवलं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. केलं काय, ते माहीत नव्हतं.

"पाणी भरलं," सर म्हणाले. "उन्हाळ्यात रोज साडेसातला. तुम्ही येता आठला."

"कूलरमध्ये?"

"पहिले एका. आता दोन्ही. तुमच्यात आधी."

मी सहा वर्षं समजत होते की शिपाई भरतो.  सहा वर्षं मी ज्या वाऱ्यात बसून त्या माणसावर चडफडत होते तो वारा त्यानंच भरून ठेवलेला होता.  मी कसंबसं विचारलं, "मला किती मग?"

त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्यांतली एक घेतली आणि लिहून दिली. तीन. उत्तीर्ण व्हायला चार लागत होते. "फेरपरीक्षा मार्चमध्ये," ते म्हणाले. "ऊन वाढलं की." पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही माझी दया आली नाही.

मार्चच्या शेवटी पारा चढला. एक दिवस मी सात वाजताच कॉलेजात पोचले, म्हटलं आज त्यांच्या आधी. स्टाफरूम उघडी होती. सर नळाखाली बादली लावून उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी भरलेली बादली पुढे केली. मी ती उचलून कूलरपर्यंत नेली, त्यांच्या कूलरपर्यंत, आधी त्यांच्या. ओतताना निम्मं पाणी माझ्या साडीवर सांडलं. दुसरी नेली, ती थोडी कमी सांडली.

सर फडक्यानं फरशी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "चार."